सही कोणी करायची

ह्यांची हॉस्पिटलची फाइल मी तीन वर्षं उघडली नव्हती. २०२२ च्या दिवाळीआधी माळा आवरताना ती हाताला लागली. तिथेच स्टुलावर बसून मी तिच्यातल्या माझ्या सह्या मोजल्या. १७ दिवसांत ११ सह्या. पहिली अगदी शाळेच्या मस्टरवर करायचे तशी, वळणदार, खाली रेघ मारलेली. महापालिकेच्या शाळेत ३४ वर्षं शिकवलं, सहीचं वळण हाताला पक्कं बसलेलं. अकरावी सही मात्र माझीच आहे हे पटत नाही. आडनावाची शेवटची दोन अक्षरं नाहीतच, नुसती एक ओढ खाली गेलेली आहे.

नोव्हेंबर २०१९ मधली गोष्ट. सकाळी दाढी करता करता हे बेसिनपाशी खाली बसले. मेंदूत रक्तस्राव झाला होता. पार्ल्याहून हॉस्पिटलात पोचेपर्यंत शुद्ध गेली, ती परत आली नाही. पहिल्या दिवशी व्हेंटिलेटरसाठी सही. आठव्या दिवशी गळ्याला छिद्र पाडून नळी घालायची, त्यासाठी सही. मग रक्त, मग सेंट्रल लाइन, म्हणजे मोठ्या शिरेत घालायची नळी. चौदाव्या दिवशी मूत्रपिंडं बंद पडायला लागली तेव्हा डायलिसिसचा कागद समोर आला. आयसीयूतल्या तरुण डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन फार हळुवारपणे विचारलं, "काकू, काकांची स्वतःची काय इच्छा असती?"

चाळीस वर्षांचा संसार. ह्यांना आमटीत गूळ किती लागतो ते मला माहीत होतं. कुठला शर्ट लग्नाला आणि कुठला बँकेत जायला, तेही माहीत होतं. ह्या प्रश्नाचं उत्तर माहीत नव्हतं. "चालताबोलता जावं, कोणाचं करून घ्यायला लागू नये," असं ते म्हणायचे. आपल्याकडे प्रत्येक घरात कोणी ना कोणी म्हणतंच. पण ते मागणं देवाकडे असतं. फॉर्म हातात घेऊन उभ्या असलेल्या डॉक्टरांना त्यातून काही कळत नाही.

मला वाटत होतं, आता पुरे. माझे दीर, आमचे भाऊजी, पुण्याहून येऊन चार दिवस त्या बाकड्यावर झोपत होते. ते म्हणाले, "वहिनी, प्रयत्न तरी करू. नंतर वाटायला नको, केलं नाही म्हणून." त्यांचा सख्खा भाऊ होता आत. मी सही केली. डायलिसिस दोनदा झालं आणि सतराव्या दिवशी पहाटे हे गेले. भाऊजींच्या आणि माझ्यात त्यावरून शब्दही झाला नाही, पण पुढची दोन-तीन वर्षं आम्ही एकमेकांकडे नीट बघून बोललो नाही. त्यांना वाटत असावं, वहिनींनी मनापासून सही केली नव्हती. मला वाटायचं, ह्यांचे ते तीन दिवस मी वाढवले.

त्या काळात मला रोज वाटायचं, ह्यांनी एक ओळ जरी लिहून ठेवली असती तर आम्ही दोघांनीही ती मानली असती.

ह्यांच्यामागे कागदांचं जे काही निघालं त्यात कोणाचा लबाडीचा हेतू नव्हता, नुसती "बघू पुढे" ही सवय होती. पेन्शनचं खातं दोघांच्या नावावर होतं म्हणून घर चाललं. दुसरं खातं एकट्याच्या नावावर, नॉमिनी नाही. विम्याची जुनी पॉलिसी लग्नाआधीची, तिच्यावर नॉमिनी सासूबाई. ते चाळीस वर्षांत बदलायचं कोणाच्या डोक्यातच आलं नाही. कपाटात शेअर्सचे कागदी दाखले होते. सात वर्षं लाभांश घेतला नाही तर असे शेअर्स सरकारच्या गुंतवणूकदार निधीकडे वर्ग होतात हे तेव्हा पहिल्यांदा कळलं. आणि मी एक चूक केली. तेराव्यानंतर आठवड्याभरातच ह्यांचा मोबाइल नंबर बंद केला. गॅस, विमा, आयकर, सगळ्यांचे निरोप त्या नंबरवर जात होते. पुढचे पाच महिने मी प्रत्येक ठिकाणी "नंबर बदलण्याचा अर्ज" लिहीत बसले. ज्यांच्यावर ही वेळ येईल त्यांना मी आधी हेच सांगते, नंबर किमान वर्षभर चालू ठेवा.

सगळ्यात अवघड गेलं घराचं. फ्लॅट ह्यांच्या एकट्याच्या नावावर, सोसायटीत नामनिर्देशन केलेलं नाही. मला वाटलं, नवरा गेला, मूलबाळ नाही, म्हणजे घर बायकोचं. तसं नसतं. मृत्युपत्र नसेल तर हिंदू वारसा कायद्याप्रमाणे पुरुषाची आईसुद्धा पहिल्या वर्गातली वारस असते, बायकोच्या बरोबरीने. सासूबाई तेव्हा ९१ वर्षांच्या, आमच्याजवळच राहायच्या. अर्धं घर त्यांचं झालं. त्या स्वतःहून म्हणाल्या, "मला काय करायचंय घर? तुझ्या नावावर कर." त्यासाठी नोंदणीकृत हक्कसोडपत्र लागतं.

तर पुतण्याने सुट्टी काढली, व्हीलचेअर भाड्याने आणली आणि आम्ही सासूबाईंना घेऊन दुय्यम निबंधक कार्यालयात गेलो. तिथे कॅमेऱ्यासमोर फोटो आणि यंत्रावर अंगठा. सासूबाईंचा अंगठा उमटेना. उजवा, डावा, मग तर्जनी. ऑपरेटर मुलाने ओल्या रुमालाने बोट पुसून दिलं, त्यांचा हात आपल्या हातात धरून दाबला, तरी यंत्र लाल दिवाच दाखवी. सासूबाई बोटाकडे बघत म्हणाल्या, "राखेने भांडी घासली रे आयुष्यभर. रेषा राहिल्यात कुठे?" शेवटी करंगळी उमटली. मी बाहेर येऊन जिन्यात उभी राहिले आणि ह्यांच्यासाठी रडले नव्हते एवढी रडले. पुढे समजलं की आजारी, अंथरुणाला खिळलेल्या माणसासाठी अर्ज करून, जादा शुल्क भरून नोंदणी अधिकाऱ्याला घरी बोलावता येतं. ते आधी माहीत असतं तर ९१ वर्षांच्या बाईला त्या रांगेत बसावं लागलं नसतं.

सासूबाई २०२२ च्या पावसाळ्यात गेल्या. घरी, स्वतःच्या कॉटवर. शेवटचे पंधरा दिवस पेज आणि पाणी, तेही चमच्याने, मागतील तेव्हा. फॅमिली डॉक्टर येऊन बघून जायचे, त्यामुळे मृत्यूचा दाखला त्यांनीच दिला आणि पुढचं सगळं सुरळीत झालं. घरचं माणूस घरीच जाऊ द्यायचं असेल तर डॉक्टरांचं येणंजाणं आधीपासून हवं, ऐनवेळी अनोळखी डॉक्टर दाखला द्यायला कचरतात. त्यांच्या तोंडात गंगेचं पाणी मी घातलं. ह्यांच्या वेळी तोंडात नळी होती.

त्यानंतर दोन-तीन महिन्यांनीच ती फाइल हाताला लागली. सह्या मोजून झाल्यावर पहिला विचार आला तो माझ्या भाचीचा. मला मूल नाही. ताईची मुलगी अंधेरीला राहते, माझा डोळ्याचा ड्रॉप संपला तरी तिला माहीत असतं. उद्या माझ्यासाठी आयसीयूच्या दाराशी तीच उभी राहणार. तिच्या हातून अकरा सह्या करून घ्यायच्या नव्हत्या मला.

आमच्या ओळखीच्या एक वकीलबाई आहेत, त्यांच्याकडे गेले. मृत्युपत्राची मला खरं तर घाई वाटत नव्हती, मी गेले होते उपचारांबद्दल विचारायला. त्यांनी आधी माझी परिस्थिती विचारली आणि म्हणाल्या, "बाई, तुम्ही मृत्युपत्र न करता गेलात तर तुमची पै न् पै यजमानांच्या वारसांकडे जाईल. भाचीला काही मिळणार नाही." मी म्हटलं, घराचं ठीक आहे, पण माझ्या पगारातून साठवलेलं? "तेही." १९५६ च्या त्याच हिंदू वारसा कायद्यात विवाहित हिंदू बाईचे वारस म्हणजे आधी मुलं आणि नवरा, ते नसतील तर नवऱ्याचे वारस, आणि त्यानंतर तिचे स्वतःचे आईवडील. आईवडिलांकडून आलेलं असेल तेवढंच माहेरी परत जातं. २००९ साली सर्वोच्च न्यायालयापुढे असं प्रकरण आलं होतं. लग्नानंतर तीन महिन्यांत विधवा झालेली मुलगी, सासरच्यांनी घराबाहेर काढलेली, माहेरी राहून शिकली, नोकरी केली. ती मृत्युपत्र न करता गेली. तिच्या कमाईवर तिच्या आईने हक्क सांगितला आणि न्यायालयाने ती मालमत्ता नवऱ्याच्या बहिणीच्या मुलांना दिली, कारण कायदाच तसा आहे.

हे ऐकून मी घरी आले आणि रात्रभर झोपले नाही. भाऊजींचा किंवा पुतण्याचा राग मुळीच नव्हता. त्या पोराने व्हीलचेअर ढकलली आहे. पण कोणाला काय द्यायचं हे मी ठरवायचं की मी गप्प बसले म्हणून आपोआप ठरायचं? माझ्या ओळखीत शाळेतल्या निदान सहा-सात निवृत्त शिक्षिका आहेत, विधवा किंवा मूल नसलेल्या. एकीलाही हे ठाऊक नव्हतं. मी प्रत्येकीला फोन केला.

मृत्युपत्र मराठीत केलं. दोन पानं. घर विकून जे येईल ते पुतण्या आणि भाचीत निम्मं निम्मं, कारण घर ह्यांच्या कमाईचं. माझी बचत भाचीला, आणि ठरावीक रक्कम लोकमान्य सेवा संघाच्या ग्रंथालयाला. पाटल्या कोणाला, तवे-पातेली कोणाला, हे मृत्युपत्रात लिहू नका म्हणाल्या वकीलबाई, त्याचं वेगळं पत्र ठेवा. साक्षीदार दोन लागतात. ज्यांना मृत्युपत्रातून काही मिळणार आहे त्यांना साक्षीदार करायचं नाही. मी आमच्या बिल्डिंगमधल्या आजोबांचं नाव सुचवलं तर त्या म्हणाल्या, "साक्षीदार तुमच्यापेक्षा वयाने लहान घ्या. वेळ आली तर त्यांनाच कोर्टात सांगायला लागेल, की तुम्ही आमच्यासमोर सही केली." मग फॅमिली डॉक्टर आणि शाळेतली माझी एक धाकटी सहकारी. डॉक्टरांनी मी पूर्ण शुद्धीत आणि समजून सही करते आहे असा दाखलाही जोडला. नोंदणी सक्तीची नाही, स्टॅम्प ड्युटीही लागत नाही, नोंदणीचं शुल्क १०० रुपये. तरी मी नोंदवून घेतलं. माझा अंगठा पहिल्या झटक्यात उमटला.

नॉमिनीबद्दल एक सांगायलाच हवं, कारण तिथे सुशिक्षित माणसंही चुकतात. नॉमिनी म्हणजे वारस नव्हे. बँकेकडून, सोसायटीकडून ताबा घेणारा तो विश्वस्त. पुढे मालकी मृत्युपत्राप्रमाणे किंवा कायद्याप्रमाणे ठरते. शेअर्सच्या बाबतीतही सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये हेच सांगितलं. विम्यात आईवडील, नवरा-बायको, मुलं नॉमिनी असतील तर मात्र पैसा त्यांचाच होतो, म्हणून ह्यांच्या पॉलिसीचे पैसे खरोखरच सासूबाईंचे होते आणि त्यांनी ते मला आपण होऊन दिले. तेव्हा जिथे जिथे नाव घालायचं तिथे मृत्युपत्राशी जुळणारंच नाव घाला. सोसायटीचा नामनिर्देशनाचा अर्ज तीन प्रतींत असतो, कमिटीच्या सभेत त्याची नोंद झाली का ते विचारून घ्या, शिक्का मारलेली आपली प्रत परत मागून घ्या. बँकेत १ नोव्हेंबर २०२५ पासून एका खात्याला चार नॉमिनी देता येतात, कोणाला किती टक्के तेही लिहिता येतं. मी डिसेंबरात जाऊन दोघांची नावं घातली.

आता ज्याच्यासाठी मी वकीलबाईंकडे गेले होते ते. मृत्युपत्र आपण गेल्यावर वाचतात. आपण जिवंत आहोत पण बोलू शकत नाही, तेव्हासाठी वेगळा कागद लागतो. लोक लिव्हिंग विल म्हणतात, मी वैद्यकीय इच्छापत्र म्हणते.

आमच्या खालच्या मजल्यावर केईएम हॉस्पिटलमधून निवृत्त झालेल्या एक सिस्टर राहतात. त्यांच्याशी बोलताना तिथल्याच परिचारिका अरुणा शानबाग यांचा विषय निघणारच होता. २७ नोव्हेंबर १९७३ ला केईएममध्येच त्यांच्यावर हल्ला झाला आणि १८ मे २०१५ ला त्या गेल्या. मधली ४१ वर्षं त्या तिथेच वॉर्ड नंबर ४ च्या शेजारच्या खोलीत, काही सांगता न येणाऱ्या अवस्थेत होत्या. सिस्टर म्हणाल्या, "एक बेडसोअर होऊ दिला नाही आम्ही. नव्या मुली यायच्या, त्याही शिकायच्या तिचं करायला." २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अरुणाताईंसाठी केलेली दयामरणाची याचिका फेटाळली ती मुख्यतः ह्या परिचारिकांचं म्हणणं ऐकून, आणि त्याच निकालात अशा रुग्णांचे जीवनरक्षक उपचार थांबवण्याची वाट पहिल्यांदा उघडली. परिचारिकांनी जे केलं त्यापुढे मी हात जोडते. पण सिस्टरच शेवटी म्हणाल्या, "तिला काय हवं होतं ते आम्हाला कोणालाच कळायला मार्ग नव्हता हो." पंचविशीतल्या मुलीला असं कोण विचारून ठेवतं? मी तर सत्तरीला आले होते. मला विचारायला आणि सांगायला कोणी अडवलं नव्हतं.

९ मार्च २०१८ ला सर्वोच्च न्यायालयाने असा कागद करण्याचा हक्क मान्य केला, म्हणजे ह्यांच्या वेळी हा हक्क होता. पण त्यावर न्यायदंडाधिकाऱ्यांची सही लागायची, म्हणून फारसं कोणी त्या वाटेला गेलं नाही. २४ जानेवारी २०२३ च्या आदेशाने ते सोपं झालं. आता दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरतात. आपल्या वतीने बोलणाऱ्या जवळच्या माणसांची नावं त्यात घालायची, एकापेक्षा जास्त घालता येतात. आणि एक प्रत महापालिकेने नेमलेल्या अधिकाऱ्याकडे ठेवायची. हे अधिकारी नेमले जावेत म्हणून मुंबईतले डॉ. निखिल दातार उच्च न्यायालयात गेले, म्हणून आपल्याकडे वॉर्डावॉर्डांत त्याची सोय झाली.

कागद दाखवला की लगेच नळ्या काढतात असं अजिबात नाही, आणि ही भीती काढून टाकायला हवी. उपचार करणारे डॉक्टर आणि दोन तज्ज्ञ यांचं एक मंडळ आधी मत देतं, मग तीन डॉक्टरांचं दुसरं मंडळ तेच तपासतं, त्यातला एक जिल्ह्याच्या मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्याने नेमलेला असतो. नातेवाइकांची संमती लागते, न्यायदंडाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. बरं होण्याची आशा असेल तर हा कागद मध्ये येतच नाही. न्यूमोनिया झाला, दोन दिवस व्हेंटिलेटर लावून मी घरी येणार असेन, तर लावा म्हणावं.

मसुदा मी वहीत लिहिला. बरी होण्याची आशा नाही असं डॉक्टरांनी ठरवलं तर व्हेंटिलेटर नको, डायलिसिस नको, छाती दाबून हृदय चालू करू नका, नळीने अन्न देऊ नका. वेदना आणि धाप कमी करणारं औषध मात्र भरपूर द्या. मग एका रविवारी भाचीला जेवायला बोलावलं. मुगाची खिचडी, पापड, तिला आवडतं ते आमसुलाचं सार. जेवण झाल्यावर वही पुढे ठेवली आणि म्हटलं, मोठ्याने वाच.

व्हेंटिलेटरपर्यंत तिने नीट वाचलं. नळीच्या अन्नापाशी थांबली.

"मावशी, हे नाही मला जमणार. तुला उपाशी ठेवायचं?"

मी लगेच काही बोलले नाही, कारण त्या ओळीशी मीही दोन रात्री अडखळले होते. मग तिला सासूबाईंची आठवण दिली. शेवटी त्या चमचाभर पेज घ्यायच्या आणि मान फिरवायच्या. शरीरच नको म्हणत होतं. त्यांना भूक लागलेली आणि आपण दिलं नाही, असं झालं का? भाची म्हणाली, "नाही. पण त्या मान तरी फिरवत होत्या. तू फिरवू शकणार नाहीस."

बरोबर होतं तिचं. माझ्या मसुद्यात ती खाच राहिली होती. आम्ही ती ओळ बदलली. तोंडाने घेता येतंय तोवर चमच्याने द्यावं, कंटाळा करू नये. दोन्ही मंडळांनी आता आशा नाही असं सांगितल्यावर नळी नको. आणि पुढे तिनेच एक ओळ घालायला लावली, "ओठ आणि तोंड ओलं ठेवावं." ताई, म्हणजे तिची आई, शेवटचे तीन आठवडे वांद्र्याच्या शांती अवेदना सदनात होती. कर्करोगाच्या शेवटच्या टप्प्यातल्या रुग्णांसाठी १९८६ मध्ये सुरू झालेलं, आपल्या देशातलं पहिलं तसं घर. तिथे ओल्या कापसाने ओठ पुसायला भाची शिकली होती. उपचार थांबवणं म्हणजे माणसाला सोडून देणं नव्हे, हे तिला माझ्याहून जास्त माहीत होतं.

"मग मी करायचं काय तेव्हा?" तिने विचारलं.

"जवळ बस. काकांच्या वेळी मला दिवसातून दोनदा दहा-दहा मिनिटं आत सोडायचे. तेही टोपी आणि मास्क घालून. तुला माझ्याजवळ बसता आलं पाहिजे, बाकी काही नको."

मग तिने विचारलेल्या गोष्टी मी लिहीत गेले. घरी की हॉस्पिटलात? जमेल तोवर घरी. शुद्ध नसताना रेडिओ लावू का? लाव, सकाळचा, आवाज बारीक ठेवून. कोणाकोणाला कळवायचं? संध्याकाळचा चहा झाला तरी आम्ही लिहीतच होतो. कायद्याच्या कागदात ह्यातलं फार थोडं गेलं, पण माझ्या मते खरं काम त्या दुपारी झालं. नुसती सही करून कागद कपाटात ठेवला असता तर भाचीला तो त्या दाराशी पहिल्यांदा वाचावा लागला असता.

नोटरीकडे फार वेळ लागला नाही. जवळची माणसं म्हणून दोन नावं घातली, भाची आणि पुतण्या. दोघांना मान्य आहे ना हे आधी विचारलं होतं. वॉर्डाच्या आरोग्य अधिकाऱ्यांकडे प्रत द्यायला मी एकटीच गेले. त्यांनी ती उभ्याउभ्याच सगळी वाचली, मग खुर्ची पुढे केली आणि विचारलं, "आजी, घरच्यांना माहीत आहे ना?" हो म्हटल्यावर पोच दिली. एक प्रत फॅमिली डॉक्टरांकडे, एक भाचीकडे, एक माझ्या फाइलीत. पर्समध्ये आधारकार्डाच्या मागे एक चिठ्ठी ठेवली आहे, "माझं वैद्यकीय इच्छापत्र केलेलं आहे" आणि खाली दोन फोन नंबर.

फाइल निळी आहे, देवघराच्या खालच्या कप्प्यात. कुलूप नाही. मृत्युपत्र, इच्छापत्र, खात्यांची यादी, लॉकरची किल्ली कुठे, मोबाइलचा पिन, लाइट आणि गॅसचे ग्राहक क्रमांक, कामाच्या बाईंचे किती द्यायचे, दूधवाल्याचा हिशोब. दर पाडव्याला मी ती काढून बघते.

एक कागद अजून अपुरा आहे. देहदानाचा. डोळे मी आधीच दिलेत, त्याचं सगळं भाचीला समजावलं आहे. सहा तासांच्या आत नेत्रपेढीला कळवायचं, तोवर पंखा बंद, डोक्याखाली उशी, मिटलेल्या पापण्यांवर ओला कापूस. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं असलं तरी चालतं. मेडिकल कॉलेजला देह द्यायचा तर फॉर्मवर जवळच्या नातेवाइकांच्या सह्या हव्यात, आणि फॉर्म भरला तरी शेवटी घरचे नको म्हणाले तर होत नाही. भाचीने केली सही, पुतण्यानेही. भाऊजींची कायद्याने गरज असेल-नसेल, पण ह्यांच्या मागे घरातलं मोठं माणूस तेच, त्यांना वगळून मला काही करायचं नव्हतं.

मागच्या महिन्यात त्यांना फोन केला. फॉर्मबद्दल सांगितलं. बराच वेळ ते काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "म्हणजे दादासारखं वैकुंठवाहिनी, स्मशान, काहीच नाही?" मी म्हटलं, नाही. आणि मग, सहा वर्षांत पहिल्यांदा, मी त्या डायलिसिसच्या कागदाचं बोलले. त्यांना दोष देत नाही, सही माझी होती, पण मला ती करायची नव्हती, हे सांगितलं. ते म्हणाले, "मला माहीत होतं वहिनी. मला दादाला तसं बघवत नव्हतं आणि जाऊही देववत नव्हतं."

आम्ही दोघंही थोडा वेळ फोन धरून होतो. मागे त्यांच्याकडे कुकरची शिट्टी झाली.

"हा फॉर्म पोस्टाने पाठवू नका," ते म्हणाले. "मी येतो. समोर बसून वाचतो, मग बघू." येत्या रविवारी सकाळच्या डेक्कनने येणार आहेत. पेन त्यांचंच घेऊन येतील, त्यांना दुसऱ्याच्या पेनाने सही करायला आवडत नाही.